आधी वारा, मग विमान

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ६४० मीटर उंचीवर. मलकापूरच्या रस्त्याला लागलं की वस्ती सरते न सरते तोच राजूर घाट सुरू होतो आणि वळणं घेत गाडी मोताळ्याच्या बाजूने पूर्णेच्या खोऱ्यात उतरते. वर बालाघाट, खाली पायनघाट, ही जुन्या वऱ्हाडातली नावं. ज्याला बिनमोटारीचं, रेडिओवर चालणारं ग्लायडर डोंगरउतारावरच्या वाऱ्यात तरंगवायचं आहे, त्याला हा नकाशा पाहून हुरूप यावा. लांबच लांब कडा, खाली मोकळं खोरं आणि वर पोचायला डांबरी रस्ता. अडचण एकच आहे आणि ती नकाशात दिसत नाही. या कड्याचं तोंड उत्तरेला आहे, आणि पावसाळ्यात जो दमदार वारा सुटतो तो पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा. म्हणजे वाऱ्याला जेव्हा खरा जोर असतो तेव्हा कडा त्याच्याकडे पाठ करून उभा.

शहरातल्या एका माध्यमिक शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी विज्ञान मंडळासाठी पहिलं ग्लायडर घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हा त्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. फक्त ही गोष्ट खरेदीच्या यादीत सगळ्यात वर येईल, असं त्यांना वाटलं नव्हतं. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गतीच्या नियमांचा. फळ्यावर बाण काढून बल शिकवता येतं. पण वाऱ्याचे दोन भाग पडतात, एक आडवा आणि एक वर जाणारा, हे बाण काढून पोरांच्या गळी उतरत नाही. मोटारीचं विमान आणलं असतं तर मुलं खूश झाली असती आणि धडा तिथेच राहिला असता. मोटार चालू असली की वाऱ्याकडे कोण बघतो?

मुलांची पसंती अर्थातच निराळी होती. कुणीतरी मोबाइलवर कॅलिफोर्नियातल्या पार्कर माउंटनवरचं दृश्य दाखवलं होतं. तिथे २०२१च्या जानेवारीत स्पेन्सर लिसेनबी या उडवणाऱ्याने मोटार नसलेलं ग्लायडर ताशी ८८२ किलोमीटर वेगाने पळवलं. माथ्याच्या वरचा वेगवान वारा आणि माथ्यामागची जवळजवळ थांबलेली हवा, या दोन थरांतून ग्लायडर गोल गोल फिरवत वेग वाढवत न्यायचा, अशी ती करामत. ते पाहिल्यावर पोरांना लढाऊ विमानाच्या आकाराचं, आखूड पंखांचं, पांढरंशुभ्र ग्लायडर हवं होतं. सरांनी हो किंवा नाही म्हणायच्या आधी एक काम लावून दिलं: वाऱ्याची वही.

बांबूच्या टोकाला जुन्या कॅसेटमधली फीत, हातात होकायंत्र आणि मुठीत मावणारं वेगमापक, एवढ्या सामानावर ती वही सुरू झाली. वेळ, दिशा, वेग आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक वेळा घारी असत. कुठली घार पंख न हलवता कड्याच्या कोणत्या भागावर लटकली होती, किती वेळ, आणि कुठे आल्यावर तिला पंख मारावे लागले. हा रकाना पोरांनी मनानेच वाढवला होता आणि माझ्या मते त्या वहीतला तोच सगळ्यात कामाचा. वेगमापक एका जागेचा वारा सांगतं, घार अख्ख्या उताराचा.

वहीतून जे दिसलं ते वऱ्हाडातल्या कुठल्याही शेतकऱ्याने तोंडी सांगितलं असतं. हिवाळ्यात वारा उत्तरेचा आणि ईशान्येचा, पण हलका. थंडीची लाट आली की तेवढ्यापुरता जरा तिखट. मार्चपासून दुपारचा वारा पश्चिमेकडून, वायव्येकडून, झोत मारत येणारा. जूनपासून पश्चिम आणि नैर्ऋत्य, दिवसभर, जोरात. आता हे कड्याच्या दिशेशी जुळवून पाहिलं तर उत्तरेकडे तोंड असलेला घाटमाथा उपयोगाचा ठरतो तो मुख्यतः हिवाळ्यात, म्हणजे वारा हलका असतो त्या महिन्यांत. वायव्येचा वारा असेल तर उन्हाळ्यातही थोडाफार. पावसाळ्यात अजिबात नाही. त्यात आणखी एक खोच. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे उत्तरेच्या उतारावर ऊन तिरपं पडतं, काही ठिकाणी पडतही नाही. जमीन तापून वर उठणाऱ्या हवेची जी मदत एरवी मिळते, ती त्या दिवसांत नाही. सूर्य थेट डोक्यावर यायला मे महिन्याचा उत्तरार्ध उजाडतो. म्हणजे हिवाळ्यात सगळी भिस्त वाऱ्यावर, आणि तो बेताचा.

उतारावरचं उड्डाण ही नवी विद्या नाही. २४ ऑक्टोबर १९११ रोजी ऑर्व्हिल राइटने किल डेव्हिल हिल्सच्या वाळूच्या टेकडीवर, समोरच्या वाऱ्यात, मोटार नसलेल्या ग्लायडरमध्ये बसून ९ मिनिटं ४५ सेकंद हवेत काढली. मोटारीचं विमान उडवून आठ वर्षं होत आली असताना तो पुन्हा बिनमोटारीकडे वळला होता, हे सरांनी वर्गात मुद्दाम सांगितलं. आपल्याकडे पुण्याजवळ हडपसरला माणूस बसवून उडणारी ग्लायडरं विंचने ओढून वर सोडत आणि पुढे ती तापलेल्या हवेचे चढ शोधत. ती वेगळी पद्धत. कामशेतच्या टेकड्यांवरून पॅराग्लायडर उडतात तेव्हा मात्र टेकडीवर आपटून वर वळणारा वाराच त्यांना उचलून धरतो. तिथेही मोसम पावसाळ्यानंतरचा, उन्हाळ्यापर्यंतचा.

या वर वळणाऱ्या वाऱ्याचा हिशोब फळ्यावर दोन ओळींत मावतो. ताशी ११ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला साधारण ३ मीटर. उतार २० अंशांचा असेल आणि वारा त्याला समांतर वर चढत असेल, तर त्याचा उभा भाग ३ गुणिले ०.३४, म्हणजे सेकंदाला जवळपास १ मीटर. ग्लायडर स्वतः तर सतत खालीच येत असतं. ते घसरतं म्हणूनच त्याला वेग मिळतो. प्रश्न एवढाच की ते किती हळू खाली येतं. लांब पंखांचं हलकं ग्लायडर सेकंदाला अर्धा मीटर खाली येत असेल, तर वर उठणाऱ्या १ मीटरच्या हवेत ते उलट अर्धा मीटर चढेल. आखूड पंखांचं, जड आणि वेगवान ग्लायडर सेकंदाला सव्वा मीटर खाली येणारं असेल, तर त्याच हवेत ते पाव मीटरने उतरत राहील आणि थोड्याच वेळात दरीतल्या सागाच्या शेंड्यावर जाऊन बसेल. लढाऊ विमानाच्या आकाराचा प्रश्न इथे निकालात निघाला. सरांना नाही म्हणावंच लागलं नाही. वजाबाकी पोरांनीच केली.

तरीही पर्याय उरतातच, आणि पहिलं ग्लायडर निवडताना माणूस अडतो तो इथे. एक पर्याय म्हणजे ईपीपी नावाच्या चिवट फोमचा नुसताच पंख, शेपूट नसलेला. अमेरिकेत १९९०च्या दशकात ‘झागी’ नावाच्या अशाच पंखाने उतारावरचं उड्डाण सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आणलं. आपटलं तरी मोडत नाही, चेंडूसारखं उसळतं आणि पुन्हा फेकता येतं. पुढे ‘ड्रीम-फ्लाइट’ कंपनीची जेमतेम ९० सेंटिमीटर पंखांची ‘आलुला’ आणि ‘वीझल’ त्याच वाटेने आली. खडकाळ माथ्यावर शिकणाऱ्याला यासारखं दुसरं काही नाही, असं जाणकार सांगतात आणि ते खरंही आहे. पण असा सल्ला देणारे बहुतेक जण समुद्राकाठच्या कड्यांवर उडवणारे असतात, जिथे वारा ताशी २५-३० किलोमीटरने दिवसभर वाहतो. तिथे फोमचा पंख उतरता उतरत नाही. बुलढाण्याच्या जानेवारीत तो टिकेल का, याचं उत्तर सल्ल्यात नसतं.

दुसरा पर्याय मोटार असलेलं ग्लायडर. नाकावर घडी होणारा पंखा, वारा पडला की मोटार चालू करून परत यायचं. ‘मल्टिप्लेक्स’चं ‘इझी ग्लायडर’ हे १.८ मीटर पंखांचं विमान या जातीतलं, आणि जगभर कितीतरी लोक त्यावर शिकले. सरांनी हा पर्याय सोडला. मुलं वारा वाचायच्या ऐवजी मोटारीच्या खटक्याकडे हात नेतील, असं त्यांचं म्हणणं. इथे माझं मत थोडं वेगळं आहे. शेजारी शिकवणारं कुणी नसेल, माणूस एकटा असेल आणि खाली जंगल असेल, तर मोटार ही पळवाट नाही, परतीचं तिकीट आहे. पण सर एकटे नव्हते. त्यांच्याकडे खाली उतरून शोधायला तयार असलेली अख्खी तुकडी होती.

तिसरा पर्याय त्यांनी घेतला: दोन मीटर पंखांचं, हलकं, दोनच चॅनलचं ग्लायडर. एक सुकाणू, एक उंचीचा पडदा, बस. पंखांना टोकाकडे वर उचललेला कोन असतो, त्यामुळे ते कलंडलं तर हात सोडल्यावर आपोआप सरळ होतं. नवशिक्याची बोटं घाबरली की रेडिओची काडी घट्ट दाबून धरतात. अशा वेळी स्वतःहून सावरणारं विमान लागतं. पंखांचं क्षेत्रफळ ३६ चौरस डेसिमीटर, सगळं जोडून वजन ७२० ग्रॅम. भागाकार केला की दर चौरस डेसिमीटरला २० ग्रॅम. हा एक आकडा दुकानदाराने सांगितलेल्या सगळ्या गुणांपेक्षा जास्त सांगतो. २०च्या आसपासचं ग्लायडर ताशी २५ किलोमीटरच्या आगेमागे उडतं आणि हलक्या वाऱ्यात टिकतं. भार दुप्पट केला तर वेग दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होतो, कारण वेग भाराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. आणि उलट बाजूही तितकीच खरी: समोरचा वारा ताशी २५च्या वर गेला की हे विमान जागच्या जागी थांबतं, मग मागे सरकू लागतं. पावसाळ्यात ते घेऊन जाण्यात अर्थ नाही.

कुठे उडवायचं नाही, ही चर्चा त्याहून लांबली. जिल्ह्यात गोल कडा म्हटलं की पहिलं नाव लोणारचं येणार. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, सगळीकडून उतार, वारा कुठूनही येवो, एक बाजू समोर मिळणारच. एका मुलाने हा मुद्दा इतका नीट मांडला की सरांना क्षणभर उत्तर सुचेना. पण विवरात वारा ज्या काठावरून आत शिरतो त्या भिंतीजवळ हवा खाली कोसळते, समोरच्या भिंतीवर ती वर चढते, आणि मध्ये काय करेल याचा नेम नाही. शिवाय तळाशी खारं, अल्कधर्मी पाणी. त्यात विमानातला रेडिओचा रिसीव्हर बुडाला की संपला. या सगळ्याआधीचं कारण साधं आहे. लोणार हे अभयारण्य आहे आणि २०२०च्या नोव्हेंबरपासून रामसर यादीतलं पाणथळ. तिथे विमान फेकायचं नसतं.

हेच बोथ्याच्या बाजूला. बुलढाणा-खामगाव रस्त्यावरचा तो घाट ज्ञानगंगा अभयारण्यातला. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ सुमारे १३०० किलोमीटर चालून याच जंगलात आला होता. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. त्या जंगलात रेडिओ बाळगायचा मान त्याचा, असं सर म्हणाले आणि बोथ्याचं नाव यादीतून गेलं.

शेवटी जागा मिळाली ती घाटाच्या मुख्य कड्यापासून बाजूला, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक रानाच्या टोकाला. कडा म्हणावा असा तो नाहीच. गोलसर माथा, पुढे बेताचा उतार, मागे मुरमाड सपाटी. आणि नवशिक्याला हाच हवा. तुटलेला कडा दिसायला भव्य, पण त्याच्या काठामागे वारा उलटा फिरतो. नदीत पुलाच्या खांबामागे पाणी गरगरतं तसा. विमान उतरवायचं असतं नेमकं तिथेच, काठामागे. चांगल्या चांगल्या उडवणाऱ्यांची ग्लायडरं वर तासभर झुलतात आणि उतरताना काठापासून दहा पावलांवर मोडतात. माथा गोल असला की वारा त्यावरून अलगद वाहतो आणि मागची गडबड कमी होते.

शेतकऱ्याला प्रश्न होताच. ‘मास्तर, याले मोटार नाई, पेट्रोल नाई, मंग हे वर राह्यते काऊन?’ सरांनी वारा, उतार, कोन असं सांगायला सुरुवात केली. त्याने मध्येच तोडलं, ‘म्हंजे घारीवानी.’ पुढे काही सांगायची गरज उरली नाही. त्याची दुसरी शंका जास्त गंभीर होती: यात कॅमेरा आहे का? २०२४ सालच्या पावसाळ्यात बीड-जालन्याकडे रात्री ड्रोन फिरतात या बोलवेने गावंच्या गावं जागी राहिली होती. घाटमाथ्यावर आकाशात काही दिसलं की माणसं विचारणारच. सर त्याच संध्याकाळी पोलीस पाटलांना भेटून आले, विमान दाखवलं, उघडून आतली बॅटरी आणि सुकाणू-पडदा हलवणारे दोन सर्व्हो दाखवले. कायद्याच्या दृष्टीनेही माहिती घेऊन ठेवली होती. २५ ऑगस्ट २०२१ला आलेल्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या, शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेलचा वेगळा उल्लेख आहे. २५० ग्रॅम ते २ किलो हा ‘मायक्रो’ वर्ग, त्यात धंद्यासाठी उडवत नसाल तर पायलटचा परवाना लागत नाही. आपली जागा हिरव्या क्षेत्रात येते का, हे ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर पाहायचं आणि १२० मीटरच्या वर जायचं नाही. ७२० ग्रॅमचं ग्लायडर याच मायक्रो वर्गात बसतं.

२०२२च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. सुटे भाग मात्र आणता येतात. त्यामुळे परदेशी दुकानातलं चकचकीत खोकं मागवायचा विचार सरांनी मनात आणला नाही. रेडिओ ‘फ्लायस्काय’चा सहा चॅनलचा, भारतात सहज मिळणारा. दोनच चॅनल लागत असताना सहा कशाला, असं मुख्याध्यापकांनी विचारलं. पुढचं विमानही याच रेडिओवर चालेल, हे उत्तर त्यांना पटलं. विमान किटच्या रूपात आलं. फोमचे पंख, कार्बनची नळी, बाल्साची शेपटी. खरेदीच्या कागदावर एक अट सरांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती: पंख तीन तुकड्यांत सुटले पाहिजेत. दोन मीटरचा अखंड पंख मोटारसायकलवर घाटमाथ्यावर नेता येत नाही आणि एसटीत तर नाहीच.

जोडणीचं काम प्रयोगशाळेच्या टेबलावर झालं. पहिला धडा गोंदाचा. मुलांच्या हाताशी फेविक्विक, आणि साधा थर्माकोल त्याने विरघळतो. एका तुकड्यावर थेंब टाकून सगळ्यांनी तो खड्डा पाहिला, मग किटच्या फोमच्या कोपऱ्यावर तोच प्रयोग करून काय चालतं ते ठरवलं. थर्माकोलचा तुकडा मिळवणंही सोपं राहिलेलं नाही. मार्च २०१८च्या राज्याच्या बंदीनंतर गणपतीच्या मखरांचा थर्माकोल स्टेशनरीच्या दुकानांतून गेला. फ्रीजच्या खोक्यातला कामी आला.

दुसरा धडा तोलाचा, आणि इथे सरांनी घाई होऊ दिली नाही. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या थोडं अलीकडे दोन्ही बाजूंना पेन्सिलची खूण. दोन मुलांनी दोन बोटांच्या टोकांवर त्या खुणा टेकवून विमान उचललं. शेपटी खाली गेली. म्हणजे नाक हलकं. अशा विमानाला फेकलं की ते नाक वर करतं, थांबतं आणि कोसळतं. नाकात वजन घालायचं, कशाचं? टायरच्या दुकानात चाकाचा तोल साधायला रिमला चिकटवतात त्या शिशाच्या पट्ट्या, ५ आणि १० ग्रॅमच्या, पाठीला गोंद लावलेल्या. एकेक पट्टी बॅटरीशेजारी दाबून बसवायची, झाकण लावायचं, पुन्हा बोटांवर घ्यायचं. एका पट्टीने फरक कळत नव्हता, पुढच्या पट्टीने विमान आडवं राहिलं आणि नाक किंचित झुकलं. नवशिक्यासाठी नाक थोडं जड असलेलं बरं. विमान आळशी होतं, पण अंगावर येत नाही.

रेडिओची चाचणी मैदानावर झाली. एकाने विमान धरून दूर चालत जायचं, दुसऱ्याने काडी हलवायची, सुकाणू हलतं का ते हात वर करून सांगायचं. मग रेडिओ मुद्दाम बंद करून सुकाणू कुठे थांबतं ते पाहायचं. ते सरळ थांबायला हवं, एका बाजूला कललेलं नाही. हौशी लोक हेच टाळतात.

उतारावरचा पहिला दिवस वहीनेच निवडला. डिसेंबरमधली थंडीची लाट, उत्तरेचा वारा ताशी १४-१५, फीत सरळ आडवी. सरांनी सूचना दोनच दिल्या. वळण नेहमी डोंगरापासून बाहेरच्या बाजूला. डोंगराकडे वळलं की वारा पाठीशी येतो, जमिनीच्या मानाने वेग अचानक वाढतो आणि विचार करायला वेळ राहत नाही. आणि फेकताना नाक क्षितिजाच्या जरा खाली, वाऱ्याच्या थेट समोर, ढकलल्यासारखं, भिरकवायचं नाही. फेकणारी मुलगी भालाफेकीत तालुक्याला गेलेली होती, तिला ही दुसरी सूचना सगळ्यात जड गेली.

विमान हातातून सुटलं, थोडं खाली गेलं, आणि मग जिथे घारी लटकत असत त्या बाजूला आल्यावर वर सरकू लागलं. सरांनी डावीकडे वळवलं, काठाला समांतर नेलं, बाहेरून वळवून परत आणलं. इंग्रजी आठच्या आकड्याचा तो मार्ग, पुन्हा पुन्हा. मुलांच्या वहीतला काल्पनिक पट्टा आणि खरा पट्टा यांत फरक निघाला. खरा उताराच्या बराच पुढे होता, माथ्याच्या वर नव्हे. वारा मध्येच १०च्या खाली आला तेव्हा विमान हळूहळू काठाच्या पातळीला आलं. तेवढ्यात एक घार उजवीकडच्या सोंडेवर गेली, मुलं ओरडली, सरांनी विमान तिकडे नेलं आणि ते सावरलं. उतरताना मागच्या सपाटीवर, माथ्यापासून बरंच आत, वाऱ्याच्या समोर तोंड करून. शेपटीच्या बाल्साला चीर गेली. ती त्याच गोंदाने, त्याच टेबलावर भरली.

त्यानंतर काडी मुलांच्या हातात गेली. सरांच्या निवडीचा खरा कस इथे लागला. पहिल्यांदा उडवणारा प्रत्येक जण विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना डावं-उजवं उलटं करतो. लढाऊ आकाराचं विमान या एका गोंधळात जमिनीत शिरलं असतं. या विमानाला सर फक्त ‘सोड, काडी सोड’ म्हणत आणि ते पंखांच्या कोनामुळे सरळ होईपर्यंत वाट पाहत. फळ्यावरचा आडवा आणि उभा बाण मुलं आता हाताने दाखवतात, तळवा उताराच्या कोनात धरून.

पावसाळ्याचा प्रश्न मात्र तसाच आहे, आणि तिथे वही पुन्हा कामाला लागली. मुख्य कडा उत्तरमुखी असला तरी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्या डोंगर कापत उत्तरेला पूर्णेकडे जातात. त्यांच्या मधल्या सोंडांना पश्चिमेकडची बाजू आहे, म्हणजे जूनचा वारा त्या बाजूवर थेट आपटतो. तिथे ताशी ३०चा वारा असेल, जमीन खडकाळ असेल आणि आपटणं ठरलेलंच असेल. आधी मागे ठेवलेला फोमचा पंख तिथे शोभेल. दर चौरस डेसिमीटरला ३० ग्रॅमच्या आसपासचा, ताशी ४०ने सहज पुढे घुसणारा. जागा शोधताना वनहद्दीचा नकाशा आधी पाहायचा, हे आता कुणाला सांगावं लागत नाही.

भालाफेकवाल्या मुलीचं म्हणणं आहे की तो पंख विकत घ्यायचाच नाही. निवडणुका झाल्या की फ्लेक्सवाल्यांकडे सनपॅकच्या, म्हणजे पोकळ प्लास्टिकच्या पाट्यांचा ढीग पडतो, त्यातूनच पंख कापू. तिने चौरस फुटाला वजन काढलं, क्षेत्रफळ धरलं, काड्या, टेप, दोन सर्व्हो आणि रिसीव्हर मिळवून ६४० ग्रॅमचा आकडा सरांपुढे ठेवला. सरांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, यात बॅटरी कुठे आहे? नाकातलं शिसं कुठे आहे? कागद परत घेऊन ती प्रयोगशाळेच्या तराजूकडे गेली.